बिनजामिनाचा आंबा

या, असे पुढं सरका. खांबाला टेकलेल्यांनी मांडी आवरून जवळ या, म्हाताऱ्या माणसांना पुढची सतरंजी द्या, आणि खिशातल्या मोबाईलला घटकाभर निजवा. एक गोष्ट सांगतो. देवाची नाही, माणसाची आहे. मोठी नाही, एका परसात मावेल एवढीच आहे. पण ऐकून घरी जाल तेव्हा आपल्या दारातल्या झाडाकडं तुम्ही एकदा तरी वळून बघाल, एवढं वचन देतो.

पारगावच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला गोरखची वस्ती. माणूस पंचेचाळिशीतला. दोन एकर ऊस आणि एक टेम्पो. लोकांचा भाजीपाला भरून जुन्नरच्या बाजाराला न्यायचा आणि दुपारपर्यंत परत यायचं, हा त्याचा शिरस्ता. घरात आई साळुबाई, बायको वृषाली आणि बारावीतली लेक समृद्धी. वडील हौशीराम जाऊन चार वर्षं झाली. साळुबाईच्या गळ्यात लग्नाच्या आधीपासून तुळशीची माळ. अख्ख्या पंचक्रोशीत कीर्तन कुठंही असो, पहिल्या रांगेत टाळ घेऊन बसलेली बाई ती हीच.

घराच्या मागं परस, आणि परसात तीन झाडं. एक शेवगा, एक जांभूळ, आणि मधोमध हौशीरामनं लावलेला आंबा. त्याच्या फळाला शेपूच्या भाजीसारखा वास यायचा, म्हणून सगळे त्याला शेप्या म्हणत. दिसायला काही नाही, पण एकदा चोखलं की माणूस कोय सोडत नसे. त्या आंब्याखाली धुण्याचा दगड, त्याच्याखालीच भांडी, त्याच्याखालीच साळुबाईची दुपारची पाठ टेकायची जागा. घरात चार खोल्या होत्या, पण घर राहायचं आंब्याखाली.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. आंबा रुसला, मोहर धरीना, तर त्याला धाक घालतात. मार्गशीर्षातल्या अवसेला घरधन्यानं कुऱ्हाड घेऊन झाडापुढं उभं राहायचं आणि म्हणायचं, औंदा धरला नाहीस तर बुडातनं तोडीन. पातं बुंध्याला नुसतं टेकवायचं. तेवढ्यात दुसऱ्या माणसानं पुढं होऊन त्याचा हात धरायचा. म्हणायचं, नका तोडू, औंदा येईल तो, मी जामीन राहतो. मग घरधन्यानं कुरकुरत कुऱ्हाड खाली घ्यायची, बुंध्याला हळदकुंकू लावायचं, आळ्यात गुळाचं पाणी ओतायचं. धाक घालणारा एक आणि जामीन दुसरा. एकट्यानं हे करायचं नसतं. जामीन नसला तर तो धाक राहत नाही, शाप होतो, असं जुनी माणसं सांगतात.

हौशीराम होता तोवर जामीन ठरलेला. शेजारच्या माळावरचा यमाजी धनगर, त्याचा बाळपणापासूनचा मित्र. दोघं मिळून असा काही खेळ करायचे की बायापोरं बघायला जमायची. एका वर्षी यमाजी मुद्दामच पुढं होईना. कमरेवर हात ठेवून म्हणाला, "तोड गड्या, माझ्या मेंढरांला बसाया जागा तरी हुईल." हौशीराम कुऱ्हाड उगारून उभा. शेवटी तोच म्हणाला, "आरं, जामीन राह्य की लवकर, हात भरून आला माझा." त्या वर्षी आंबा असा लागला की फांद्यांना टेकू द्यावे लागले. धाकानं लागला की त्या हसण्यानं, देव जाणे.

हौशीराम गेला आणि तो खेळ थांबला. आंबा तसाही लागत होताच.

मग दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पाऊस उघडला होता. परसात नवं न्हाणीघर आणि संडास बांधायचं ठरलं, त्याला शोषखड्डा लागणार होता. साळुबाईला नेमकं डिंभ्याच्या लेकीकडं आठ दिवस जायचं होतं. जाण्याआधी तिनं बांधाच्या कडेला स्वतःच्या हातानं खुंटी ठोकली. खड्डा इथं घ्या, आंब्याच्या अंगाला जाऊ नका, एवढं सांगून ती एसटीत बसली.

गोरखला मात्र बांधाची ती जागा टेम्पो लावायला हवी होती. उन्हात टेम्पोचं रबर तडकतं, तिथं पत्र्याचं छप्पर टाकीन, असा त्याचा हिशेब. आई आठ दिवस नाही आणि जेसीबी आजच मिळालाय. त्यानं खुंटी उपटली आणि आंब्याच्या पश्चिमेला सहा फुटांवर फक्कीनं चौकोन आखून दिला. जेसीबीवाला भरत दोन फूट खाली गेल्यावर थांबला. म्हणाला, भाऊ, मुळ्या लागल्यात, मांडीएवढ्या हायेत, सरकून घ्यायचा का खड्डा? गोरख म्हणाला, आसू दे, झाड दुसरीकडनं खाईल. बऱ्याच मुळ्या बकेटनं ओढून तोडल्या. तीन काही केल्या तुटेनात. तेव्हा गोरख घरात गेला, कुऱ्हाड घेऊन आला, खड्ड्यात उतरला आणि त्या तिन्ही त्यानं स्वतः तोडल्या. वृषाली भरतला चहा घेऊन आली होती. तिनं वरून पाहिलं. चहा कडेवर ठेवून ती आत गेली.

साळुबाई परत आली, तेव्हा खड्ड्यावर फरशा बसून वर माती पसरली होती. जागा का बदलली असं तिनं विचारलं. बांधाकडं खडक लागला, गोरखनं सांगितलं. मुळ्या लागल्या का, तिनं विचारलं. बारक्या होत्या एकदोन, त्यानं सांगितलं. आईला ते खोटं वाटलं नाही. लेकाचं बोलणं तिला कधी खोटं वाटतच नसे.

त्या साली शेप्याला मोहर आला नाही. पुढच्या साली नवी पालवीही विरळ. साळुबाई रोज वर बघायची आणि म्हणायची, मालक गेल्यावर रुसलाय. गोरख वर बघत नसे.

गेल्या मार्गशीर्षात मात्र तिनं ठरवलं, की आपणच धाक घालायचा. यमाजीला निरोप धाडला, तर तो मेंढरं घेऊन डिंभ्याच्या अंगाला चाऱ्यावर गेलेला. अवस सरत चालली होती. मग तिनं गोरखला हाक मारली. म्हणाली, नुसता उभा राह्य, हात धर माझा, आन् मी जामीन म्हण, एवढंच काम हाय. गोरखनं आईच्या हातातली कुऱ्हाड बघितली. घरात ती एकच होती.

झाड का लागत नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्यानं त्याच झाडाला जामीन कसं राहायचं, सांगा. जुन्नरला माल पोचवायचाय, फोन येतोय, असं काहीतरी पुटपुटून गोरखनं टेम्पो चालू केला आणि निघून गेला. आरशात त्याला दिसलं, आई एकटीच कुऱ्हाड घेऊन आंब्यापुढं उभी होती. ती काय बोलली ते इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

पण बोलली होती. एकटीनंच सगळं म्हणून पातं टेकवलं. हात धरायला कुणी नव्हतं, म्हणून थोडा वेळ तशीच थांबली आणि मग आपलं आपणच खाली घेतलं.

यंदाच्या वैशाखातलं वादळ तुम्हाला आठवत असेल. दुपारी चारचा सुमार. पश्चिमेकडून आधी धुळीची भिंत आली, तिच्यामागं वारा, आणि वाऱ्यामागं गारा. शेवगा तर पहिल्याच झटक्याला काडीसारखा मोडला. जांभळाच्या दोन थोर फांद्या सोलून खाली आल्या. समृद्धी खिडकीतून ओरडून सांगत होती, आजी, आंबा हलतोय, फांद्या नाही, आख्खा हलतोय. मग बुडातून असा आवाज आला, जसं जुनं लुगडं कुणी दोन्ही हातांनी फाडावं. शेप्या पूर्वेला कलला, क्षणभर थांबला आणि गोठ्याच्या पडवीवर झोपला. म्हैस बाहेर बांधलेली होती म्हणून वाचली. माणसांत कुणाला ओरखडाही नाही. देवाची कृपा, असं सगळे म्हणाले.

वारा पडल्यावर घरातली परसात आली. आधी कुणाला काही ओळखूच येईना. जिथं सावली होती तिथं नुसतं आभाळ होतं. वृषालीनं पडवीचे पत्रे गोळा करायला घेतले. समृद्धीनं पानांच्या ढिगातून खारीची दोन पिल्लं काढली आणि टोपलीत फडक्यावर ठेवली. साळुबाई आडव्या बुंध्याजवळ गेली. त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "म्या तुला बोलले. तू मनाला लावून घेतलंस."

ते गोरखनं ऐकलं. त्याच वेळी त्याचं लक्ष दुसरीकडं होतं. झाड पूर्वेला पडलं, तशी पश्चिमेची बाजू मातीसकट वर उचलली गेली होती. उघड्या मातीत तीन मुळ्यांची टोकं दिसत होती. सपाट, कुऱ्हाडीची, काळी पडलेली. वाऱ्याला तोंड देऊन धरून ठेवायचं ते याच बाजूनं, आणि ही बाजूच रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत त्यानं मशीनची करवत मागवली आणि सगळ्यात आधी तो मुळांचाच भाग कापायला लावला. करवतवाला म्हणाला, राव, आधी फांद्या काढू, मग बुंधा, बुडाला शेवटी हात घालायचा असतो. गोरख म्हणाला, न्हाई, आधी हे. वृषाली चुलीपाशी उभी राहून बघत होती. संध्याकाळी भाकरी वाढताना ती म्हणाली, "म्या सांगनार न्हाई आत्यांना. सांगायचं ते तुमीच सांगायचं." आणि वाटी सरकवून निघून गेली.

तलाठी येऊन फोटो काढून गेले. कागदावर कारण लिहिलं, वादळी वारा. गोरखनं खाली सही केली.

मग सुरू झाली निस्तरानिस्तर. शेवग्याच्या कोवळ्या शेंगा शेजारपाजारी वाटल्या. लाकडाचा ढीग बांधाला रचला. दुपारी स्वयंपाकघरात इतकं ऊन शिरायला लागलं की वृषालीनं दोन बांबू रोवून जुन्या साडीची सावली केली. तिच्याखाली भांडी घासताना ती दर घटकेला बूड सरकवायची. जांभूळ अर्धं उभं होतं. साळुबाईनं शेण आणि लाल माती कालवून त्याच्या जखमांना लेप दिला, वरून आपल्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बांधल्या. बांधताना त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही. झाडांपुढं तोंड उघडायचंच तिनं सोडून दिलं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण ती एक वेळच जेवायला लागली. एका दुपारी भाजी निवडताना तिनं वृषालीला सांगून टाकलं, की गावचा सप्ताह येतोय, काल्याच्या दिवशी कीर्तनकार सावळेरामबुवांच्या पायाशी माळ काढून ठेवणार. ज्या जिभेनं नाव घ्यायचं त्याच जिभेनं उभ्या झाडाचा जीव घेतला, आता ही माळ कुठल्या तोंडानं गळ्यात ठेवू?

तुम्ही माळकरी आहात, तुम्हाला सांगायला नको. माळ घालणं एकदाच असतं, आणि काढणं नसतंच. बाईनं साठ वर्षांची माळ काढायची म्हणजे जिवंतपणी आपलं आपण पाणी सोडायचं.

समृद्धीला ते ऐकून राग आला. कॉलेजातलं पोर ते. म्हणाली, आजी, शब्दांनी झाड पडत नसतं, वाऱ्यानं पडतं. साळुबाई तिला शांतपणे म्हणाली, "कीर्तनात काय असतं गं मग? शब्दच की. त्यांनी पडलेलं माणूस उभं राहतं, तर उभं झाड पडायचं न्हाई का?" पोरगी पाय आपटत आत गेली. गोरख पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होता. उत्तर त्याच्यापाशी होतं. त्यानं सुई बोटात टोचून घेतली आणि पुढचा टाका घातला.

एक माणूस आणखी होता. यमाजी. वादळ झाल्यापासून तो या दाराला आला नव्हता. एरवी सकाळचा पहिला चहा त्याचा इथं. त्याचा मुलगा जालिंदर सांगायचा, म्हातारं जेवत नाही नीट, आपण त्या दिवशी असतो तर जामीन राहिलो असतो, झाड वाचलं असतं, हेच बडबडतं. म्हणजे बघा, पाप एकाचं आणि उपास दोघांचे.

सप्ताह बसला. नेमानं वीणा उभी राहिली. सात दिवस ती खाली ठेवायची नाही, एकानं दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची आणि मुखी नाव चालू ठेवायचं. गोरखनं पहारा मागून घेतला तो दुपारी बारा ते दोनचा. लोकांना वाटलं, काय भक्ती, ऐन उन्हाची वेळ घेतली. खरं कारण निराळं होतं. वीणेकऱ्याच्या पायावर येणारा प्रत्येक जण डोकं ठेवतो. बापानं लेकाच्या ठेवायचं, सासऱ्यानं जावयाच्या ठेवायचं, कारण वीणा गळ्यात आहे तोवर तो कुणाचा कुणी नसतो. आणि बारा ते दोन साळुबाई पंगतीच्या भाकरी थापायला बसलेली असायची. आई देवळात येणार नाही अशी वेळ लेकानं शोधून काढली होती.

सहा दिवस निभावलं. पण सातवा दिवस निघाला एकादशीचा. एकादशीला भाकरी कुठल्या?

साडेबाराला साळुबाई आली. देवळात गर्दी नव्हती. संपत नावाचा टाळकरी खांबाला टेकून पेंगत होता आणि टाळ त्याच्या मांडीवर पडले होते. गोरख मध्ये उभा, गळ्यात वीणा, मुखी रामकृष्णहरी. आईनं आधी देवाला हात जोडले, मग वळली आणि सरळ त्याच्याकडं आली. गोरखला मागं सरकायचं होतं. पण वीणेकरी मागं सरकत नाही.

ती खाली वाकली. तिचं कपाळ त्याच्या पायावर टेकलं. सगळे क्षणभर टेकतात आणि उठतात. ती उठलीच नाही. त्याच्या बोटांवर ऊन ऊन पाणी पडलं. मग तिचा आवाज आला, बारीक, जसा माणूस गाभाऱ्यात बोलतो तसा.

"देवा, उद्या माळ देते परत. आंब्याला एकटीनं बोलले, जामीन न घेता बोलले. मला पदरात घे. आन् माझ्या गोरखला त्याचं काई लागू देऊ नको. त्या दिशी त्यो घाईत व्हता."

गोरखच्या तोंडातलं नाव तुटलं. तार एकदा वाजली आणि थांबली. साठ वर्षांच्या सप्ताहात नाव तुटल्याचं कुणाला आठवत नव्हतं, त्या दिवशी ते तुटलं. खोटं बोलायला एरवी हजार जागा असतात. पण गळ्यात वीणा, पायावर आई, आणि ती आई आपल्यासाठीच मागतेय, तिथं माणूस कुठं लपणार?

"आये, ऊठ," तो म्हणाला. "मुळ्या म्या तोडल्या. खड्डा खणताना. आंबा तवाच गेला व्हता."

साळुबाईनं डोकं वर केलं. आधी तिला वाटलं, हे देवच बोलतोय. मग लेकाचा चेहरा दिसला. ती गुडघ्यांवर हात देत सावकाश उठली. कान देऊन उभी राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं की देवळात आवाज नाही.

"नाव थांबलंय," ती म्हणाली. "नाव घे आधी."

तिनं संपतच्या मांडीवरचे टाळ उचलले, खांबापाशी बसली आणि नाव धरलं. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. गोरख म्हणत राहिला, आई टाळ धरून राहिली. दीड तास. तिनं एकदाही वर बघितलं नाही. मी पुष्कळ कीर्तनं ऐकली आहेत बाबांनो, थोर थोर बुवांची ऐकली आहेत. पण त्या दीड तासात त्या लेकरावर काय गुजरलं असेल, ते सांगायला मला एकही दृष्टांत सापडलेला नाही.

दोनला जालिंदर आला. दोघांनी एकमेकांना वाकून वीणा बदलली. गोरख बाहेर आला, तो आई मांडवाच्या कडेला पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. तिथं त्यानं सगळं सांगितलं. खुंटी, टेम्पोचं छप्पर, खोटा खडक, करवतीची घाई. तिनं दोनच गोष्टी विचारल्या. किती मुळ्या? तीन, त्यानं सांगितलं, बाकीच्या जेसीबीनं. कुठल्या कुऱ्हाडीनं? आपल्याच.

साळुबाई टाकीच्या कठड्यावर बसली.

"म्हंजी पाय तोडलेल्याला म्या पळ म्हनत व्हते," ती म्हणाली. "दोन वर्सं. आन् वरनं धाक घातला त्याला."

गोरख म्हणाला, माळ काढू नको, तुझं काही नाही त्यात. ती म्हणाली, माळंचं तू बोलू नको. मांडवाचं कापड वाऱ्यानं फडफडत होतं. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, यमाजीकडं जा. आत्ता जा. पाणीबिनी नंतर पी.

यमाजी माळावर मेंढरांच्या वाड्याशी बसला होता. एक मेंढी आडवी घालून तिची खुरं छाटत होता. गोरखनं उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसायची हिंमत नव्हती. म्हाताऱ्यानं हातातलं खूर पुरं केलं, मेंढीला सोडलं आणि सुरी धोतराला पुसली.

"म्हंजी मी आन् वैनीनं फुकटच उपास काढले म्हन की," तो म्हणाला. तोंडावर हसू होतं, पण ते फार वेळ टिकलं नाही. "काल पोराला सांगत व्हतो, इकून टाक मेंढरं. ज्याला एका झाडाला वेळेवर जामीन राहता आलं न्हाई, त्याच्या हाताखाली जित्राबं कशाला?"

गोरख म्हणाला, तात्या, मला चार शिव्या द्या. यमाजी म्हणाला, त्या तुझ्या बापाचा हक्क, वर गेलो की सांगतो त्याला. मारतील दादा मला, गोरख म्हणाला.

"न्हाई मारायचा," यमाजी म्हणाला. "रडंल. त्येच वंगाळ हाय."

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन. गोरख पुढं गेला नाही. मागं, चपलांच्या ढिगापाशी उभा राहिला. पुढच्या रांगेत आईची पाठ दिसत होती. सावळेरामबुवांनी काला फोडला, लोक पाया पडायला उठले, तीही उठली. ती वाकली, बुवांच्या पायावर डोकं ठेवलं, सरळ झाली आणि वळली. माळ गळ्यात होती.

नंतर वृषालीला ती म्हणाली, लेकरानं वीणेपाशी खरं सांगितलं, म्हणून ठेवली. पण कुऱ्हाड मीही उचलली होती, तोंडातनं शब्द मीही काढला होता, त्याचं माझं मी फेडीन. ती अजूनही एक वेळच जेवते. यमाजी आता पुन्हा चहाला येतो. दोघं जण साडीच्या त्या सावलीत बसतात आणि जांभळाला फुटलेल्या डिरांवरून वाद घालतात.

काल्याचा प्रसाद वाटायला त्या दिवशी साळुबाईच उभी होती. पहिला घास तिनं यमाजीला दिला. मग वृषालीला, समृद्धीला. रांग सरकत गोरख पुढं आला. त्यालाही दिला, इतरांना दिला तेवढाच, त्याच मापाचा. पण इतरांच्या हातावर ठेवताना ती तोंडाकडं बघत होती. त्याच्या वेळी नुसतं तळहाताकडं बघितलं. त्यानं थोडं थांबून बघितलं, आई काही म्हणते का. मागच्या माणसानं पुढं सरका म्हणून खांद्याला हात लावला, तसा तो सरकला.

माफ केलं, असं तिनं अजून म्हटलेलं नाही. त्यानं मागितलेलंही नाही. घरात बोलणं आहे, पाणी दे, भाजी घे, टेम्पो हळू चालव, सगळं आहे. त्या सगळ्याच्या मध्ये एक जागा उघडी आहे, आणि तिथं ऊन लागतं.

तर मायबाप, साळुबाईसाठी देवापाशी मागणारे पुष्कळ आहेत, सगळी पंचक्रोशी तिचं नाव काढते. यमाजीसाठीही आहेत. पण पंचक्रोशीत कुठंही सप्ताह बसला की वीणेचा पहारा अजून गोरख मागून घेतो. आता आई येईल त्या वेळेचा घेतो. दोन तास उभा राहून सगळ्यांसाठी नाव घेतो आणि स्वतःसाठी काही मागत नाही. आज शेवटी गजर होईल, हात वर जातील, ज्याच्या त्याच्या घरच्यांची नावं मनात येतील. तेवढ्यात एक नाव माझ्या सांगण्यावरून घ्या. गोरखची आठवण ठेवा.